काकवीच्या तारेने जोखलेला जंतू

सुज्ञ आणि सहृदय वाचकहो! ज्या पुरुषाने आयुष्याची तीस वर्षे उसाच्या रसापुढे वेचली आणि पुढे त्याच रसाच्या विद्येने माणसाचे प्राण राखले, त्याची हकीकत प्रस्तुत कथेत मी आपणांपुढे ठेवीत आहे. ती अद्याप घडलेली नाही. आजपासून पंधरा-सोळा वर्षांनी, भोगावती नदीच्या खोऱ्यातील एका तालुक्याच्या गावी ती घडेल, असे मी कल्पिले आहे. गावाचे नाव मुद्दाम देत नाही. तीत एक यंत्र आहे, डोळ्यांना न दिसणारे जंतू आहेत, एक विहीणबाई आहेत आणि सात दिवसांचे एक तान्हे बाळ आहे. आपण ती सावधचित्ताने वाचावी, एवढीच प्रार्थना.

सर्जेराव मगदूम हे जातिवंत गुळवे. गुऱ्हाळात काहिलीखाली चिपाडाचा जाळ धडधडत असतो, वर रस उकळत असतो, आणि तो नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा, हे एकट्या गुळव्याने सांगायचे असते. क्षणभर आधी उतरवला तर ढेप बसत नाही. क्षणभर उशीर झाला तर गूळ करपतो आणि शेतकऱ्याच्या वर्षाच्या घामावर पाणी पडते. रस घट्ट होऊन काकवीच्या रूपास आला, की सर्जेराव उलथन्याच्या टोकावर एक थेंब घेत, तो हळूच वर उचलीत आणि मागे निघणारी तार उजेडात धरून न्याहाळीत. तार किती लांबते, कुठे बारीक होते, कशी तुटते, हे पाहून ते एकच शब्द उच्चारीत, "उतरा!" त्या एका शब्दावर आठ माणसे काहिलीला हात घालीत.

पुढे काळ पालटला. वाफेवर चालणारी बंद भांडी आली, त्यांच्या पोटात तापमापक आले आणि गुळव्याचे काम संपले. "यंत्राला ताप कळतो, तार न्हाई कळत," एवढे बोलून सर्जेरावांनी उलथने आढ्याला खोचले आणि वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी तालुक्याच्या रुग्णालयातील प्रयोगशाळेत परिचराची नोकरी धरली. तेथे त्यांना सगळे 'मामा' म्हणू लागले. त्यांचे शिक्षण नववीपर्यंत. परंतु नजर मात्र पदवीधराची होती.

त्या काळी प्रत्येक तालुक्यात सरकारने 'पारखी' नावाचे यंत्र बसविले होते. आकाराने ते तांदळाच्या डब्याएवढे. रोग्याचे रक्त किंवा शौचाचा नमुना त्यात घातला, की चाळीस मिनिटांत ते आतल्या जंतूंची जनुके वाचून काढी आणि कोणती औषधे त्या जंतूवर चालणार नाहीत, ते सांगे. जंतू औषधांना दाद देत नसेल तर रोग्याला लाल कार्ड. देत असेल तर हिरवे. सरकारचा हेतू शुद्ध होता. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंनी त्या आधीच्या वीस वर्षांत अनेक घरांतील दिवे विझविले होते.

परंतु लोकांनी कार्डाचा अर्थ आपल्या मनाने लावला. लाल म्हणजे जहाल, हिरवा म्हणजे गरीब! सोयरीक जुळविताना पत्रिकेच्या आधी कार्ड मागू लागले. लाल कार्डाच्या माणसाचे दूध डेअरीत घेईनात. आणि लोकांचे कशाला बोलावे? नियम करणाऱ्यांनीही तोच अर्थ लावला. बाळंतिणीच्या पोटात लाल जंतू सापडला, तर ती ठणठणीत असली तरी तिला एकवीस दिवस आवाराच्या टोकाला असलेल्या निराळ्या खोलीत ठेवायचे आणि बाळ हिरव्या कार्डाच्या नातलगाच्या हाती द्यायचे, असा नियम झाला.

तो नियम एके दिवशी सर्जेरावांच्याच उंबऱ्यात येऊन उभा राहिला. त्यांची एकुलती कन्या ईश्वरी त्याच रुग्णालयात बाळंत झाली आणि तिचे कार्ड लाल निघाले. जावई दूरच्या कारखान्यात नोकरीला. दोन दिवस राहून तो परत गेला होता. तेव्हा बाळ गेले ते जावयाच्या आईच्या, म्हणजे छबूताई चौगुले यांच्या ओटीत. छबूताईंनी आपले हिरवे कार्ड सेफ्टीपिनने पदराला टाचले होते, जणू शाळेत मिळालेला बिल्लाच.

सहाव्या दिवशी दुपारी सर्जेराव लाल खोलीच्या जाळीपाशी डबा घेऊन गेले.

"आबा, रडतीया का हो ती दिवसभर?" ईश्वरीने विचारले.

"न्हाई गं, खुळी का काय! निजल्याली असती."

"खोटं बोलू नगा. मला हितवर ऐकू येतंय." तिने जाळीला बोटे लावली आणि लगेच काढून घेतली. "माझ्या अंगात काय हाय आबा? मला साधा ताप बी न्हाई. पान्हा दाटून आलाय, आणि लेकरू भुकटीचं दूध पितंय."

सर्जेरावांनी डबा जाळीखालून आत सरकवला. ते वळले, तो समोर व्हरांड्यात बाळाला मांडीवर घेऊन छबूताई बसलेल्या दिसल्या.

"पावनं, लेकीला सांगा, काळजी करू नगो म्हणावं! हिरव्या हातात हाय तिची पोर. आमच्या चौगुल्यांत लाल कदी निघालंच न्हाई."

"बरं हाय की. पर विहीणबाई, तुमचा चेहरा का उतरलाय?"

"जरा कणकण हाय चार दिस. उजव्या कुशीत टोचतंय. गॅस धरला असंल. शुगर बी हाय न्हवं मला." असे म्हणून त्यांनी तापल्या हाताने बाळाच्या तोंडावरची माशी हाकलली.

सर्जेरावांनी आग्रह धरून त्यांचे रक्त तपासावयास लाविले. पारखीने चाळीस मिनिटांत उत्तर दिले: हिरवे. जंतू सापडला होता, परंतु साध्या औषधालाही तो दाद देणार होता. टेक्निशियन विराज लाड हसून म्हणाले, "मामा, विहीणबाईंचा जंतू एकदम गुणी आहे. तीन दिवस गोळ्या, विषय संपला." छबूताईंनी दुसरे हिरवे कार्ड पहिल्याशेजारी टाचले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. यंत्र येण्यापूर्वी जंतू ओळखण्यासाठी ते प्लेटवर वाढवीत. प्लेट म्हणजे झाकणाची चपटी डबी. तिच्यात खरवसासारखा एक थर असतो आणि त्यावर जंतू रात्रीतून ठिपक्या-ठिपक्यांनी उगवतात. यंत्र आल्यावर प्लेटचे कारण उरले नाही. पण जुन्या नियमातले एक कलम खोडायचे राहून गेले होते. म्हणून प्रत्येक नमुना अजूनही प्लेटवर पसरला जाई, एक दिवस ठेवला जाई आणि कोणीही न पाहता भट्टीत जाळून टाकला जाई. जाळण्याचे काम सर्जेरावांचे.

परंतु तीस वर्षे काहिलीपुढे उभा राहिलेला मनुष्य चिकट थेंब न पाहता टाकून कसा देईल? हातमोजे चढवून, जंतू बाहेर उडू नयेत म्हणून ठेवलेल्या काचेच्या कपाटात, धातूच्या बारीक कडीने ते प्रत्येक प्लेटवरचा एक ठिपका हळूच उचलून पाहत. लाडसाहेबांनी पहिल्या दिवशी त्यांना पकडले आणि मग हसून, कसे धरायचे ते शिकविले. "करा मामा, काकवी करा!" बहुतेक ठिपके लोण्यासारखे तुटत. काही मात्र काकवीसारखे लांबत. सर्जेराव ती लांबी बोटांच्या मापाने छत्तीस पानी वहीत लिहीत आणि पुढे तो रोगी घरी गेला की ॲम्ब्युलन्समधून मोठ्या दवाखान्यात गेला, हे ड्रायव्हरला विचारून तेही लिहीत. कशासाठी? गुळवा प्रत्येक फडाच्या उसाचा गुण ध्यानात ठेवतो, त्यासाठी. आठ महिन्यांत अशा तीनशे अकरा ओळी झाल्या होत्या.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी छबूताईंची प्लेट उघडली आणि कडी टेकवून उचलली. एक बोट झाले. दोन झाली. तीन झाली. तार उजेडात चकाकत होती, तुटत नव्हती. चौथ्या बोटाला ती मध्यावर केसासारखी बारीक झाली आणि मग तुटली.

सर्जेरावांनी प्लेट झाकून ठेवली. त्यांची वही त्यांना तोंडपाठ होती. बाळ त्या क्षणी कोणाच्या मांडीवर आहे, हेही त्यांना ठाऊक होते. आणि तिसरीही गोष्ट ठाऊक होती: आता तोंड उघडले, तर लेकीला लाल ठरविले म्हणून बाप विहिणीवर उलटला, असेच जग म्हणेल. ते कपाटापुढे दोन श्वास उभे राहिले. मग वही बगलेत मारून थेट प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर तबस्सुम मुल्ला यांच्या दालनात गेले.

"मॅडम, चौगुलेबाईंच्या मांडीवरनं बाळ उचला. आधी उचला, मग मला इचारा काय ते."

लाडसाहेब तेथेच होते. ते म्हणाले, "मामा, पारखीनं हिरवं दिलंय. तुम्ही काय मशीनपेक्षा शहाणे?"

"शहाणा न्हाई, लाडसाहेब. पर तुम्ही मशीनला इचारलंय काय? औषध चालंल का, एवढंच! जंतू माणसाला मारंल का, हे इचारलंय कुठं?"

डॉक्टर मुल्लांनी फोन उचलून परिचारिकेला बाळ नवजात कक्षात नेण्यास सांगितले आणि मग वही मागून घेतली. पहिले पान त्यांनी घाईने उलटले. दुसऱ्यावर त्या थबकल्या. तिसऱ्यापासून बोट लावून वाचू लागल्या. तार निघालेल्या तेरा ओळी होत्या. त्यांतले नऊ जण स्ट्रेचरवरून मोठ्या दवाखान्यात गेले होते. तेरांपैकी अकरा हिरवे होते.

"विराज," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "ही तारेची परीक्षा पुस्तकात आहे. मी स्वतः शिकताना केली आहे. यंत्र आलं आणि मी विसरले. मामांनी मात्र कोणी न शिकवता आठ महिने केली." मग त्यांचे बोट शेवटच्या पानावर थांबले. "मामा, ही एक ओळ कोरी का? चौगुले ईश्वरी, लाल, आणि पुढं काहीच नाही."

सर्जेरावांनी मान खाली घातली. "उचलाय हात धजला न्हाई, मॅडम. तशीच जाळून टाकली."

त्यांचे भय निराधार नव्हते. लाल असून तार निघालेल्या दोनच ओळी वहीत होत्या, आणि ते दोघेही चार दिवसांच्या आत वारले होते.

"पुन्हा नमुना घ्यावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "तार निघाली, तर तिला आजच्याआज वरच्या दवाखान्यात पाठवावं लागेल, आणि बाळ महिनोन्महिने लांब राहील. नाही निघाली, तर मी वर भांडेन. चालेल?"

"चालतंय," सर्जेराव म्हणाले. पण तो शब्द त्यांना काहिलीएवढा जड गेला.

छबूताईंची सोनोग्राफी झाली. यकृतात लिंबाएवढे गळू होते. गॅस म्हणून घरी पाठविले असते, तर तीन-चार दिवसांत ते विष डोळ्यांत आणि मेंदूत उतरण्याची भीती होती. स्ट्रेचरवर चढविताना त्या ओरडल्या, "लेकीचा सूड उगवताय व्हय पावनं माझ्यावर? हिरवं कार्ड हाय माझं! दोन दोन हाईत!"

"ऱ्हाऊ द्या टाचलेली. आधी बऱ्या व्हा, मग घाला शिव्या," सर्जेराव स्ट्रेचरला हात लावून चालत म्हणाले.

सुईने गळूतला पू काढला आणि शिरेतून औषध सुरू झाले. जंतू जहाल होता, पण औषधाला खरोखरच गरीब. संध्याकाळी ताप उतरणीला लागला. बाळाचे रक्त तपासले, ते स्वच्छ निघाले. तरी एक दिवस नजरेखाली ठेवायचे ठरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीची नवी प्लेट कपाटात मांडली गेली. काचेपलीकडे ईश्वरी तोंडाला मास्क लावून उभी होती. मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे, असा तिने हट्टच धरला होता. डॉक्टर मुल्ला म्हणाल्या, "मामा, मी उचलू का?"

"न्हाई मॅडम. काहिलीपुढनं गुळवा मागं सरत न्हाई."

त्यांनी कडी टेकवली आणि उचलली. ठिपका लोण्यासारखा तुटला. त्यांनी दुसऱ्या ठिकाणी टेकवली, तोही तुटला. तिसऱ्या वेळी त्यांनी श्वास रोखून, अगदी सावकाश, काकवीचा थेंब उचलावा तशी कडी उचलली. काहीही लांबले नाही. सर्जेरावांनी कडी ठेवली, मोजे काढले, हात धुतले आणि कोऱ्या ओळीत सुवाच्य अक्षरात लिहिले: तार नाही. लाडसाहेबांनी खिशातले पेन काढले आणि त्या ओळीपुढे साक्षीदार म्हणून आपली सही केली.

काचेपलीकडून ईश्वरीने विचारले, "आबा, म्हंजी काय?"

उत्तर डॉक्टर मुल्लांनी बाहेर येऊन दिले. त्यांचे वडील तालमीत वस्ताद होते. त्यामुळे शास्त्र सांगतानाही त्यांच्या तोंडी लाल माती येई.

"हे बघ बाळा, औषधाला न जुमानणारा जंतू म्हणजे चिलखत घालून आखाड्यात उतरलेला पैलवान. आपले घाव त्याला लागत नाहीत, हे खरं. पण चिलखताचं ओझं त्यालाच वागवायचं असतं. त्याची निम्मी ताकद त्यात जाते. डाव टाकायला जोर उरत नाही. तुझ्या पोटातला तसा आहे. गुपचूप बसलाय."

"आणि सासूबाईंचा?"

"तो तेल चोपडलेला पैलवान! अंगात चिलखत नाही, एका औषधानं चीत होतो. पण त्याच्या अंगाला बुळबुळीत आवरण असतं. आपल्या रक्तातले रक्षक त्याला धरायला जातात आणि त्यांच्या हातून तो निसटतो. म्हणून तो शरीरभर धुमाकूळ घालतो. मामांना जी तार दिसली ना, ती त्या तेलाची. औषधाला दाद न देणं निराळं आणि माणसाला मारणं निराळं. आम्ही दोन्ही एकाच रंगात रंगवलं, ती आमची चूक."

"मग लाल जंतूला भ्यायचंच न्हाई व्हय?" सर्जेरावांनी विचारले.

"तसंही नाही, मामा. काही पैलवान चिलखताचं ओझं अंगवळणी पाडतात. एखादा चिलखतही घालतो आणि वरून तेलही चोपडतो. तुमच्या वहीतले ते दोघे तसे होते. सगळ्यांत भयंकर तेच. म्हणूनच दोन्ही बघायला पाहिजे, आणि म्हणूनच ईश्वरीनं हात साबणानं धुतल्याशिवाय कोणाच्या ताटाला लावायचा नाही. गरज नसताना औषध घ्यायचं नाही. बहुधा काही महिन्यांत तिचं पोटच त्या चिलखतवाल्याला हुसकावून लावेल. बाकी लेकराला आईपासून तोडायचं काही कारण मला दिसत नाही. सही माझी. वर काय बोलायचं ते मी बोलते."

त्या दिवशी अकरा वाजता परिचारिकेने बाळ आणून ईश्वरीच्या ओटीत घातले. तिने कोपरापर्यंत हात धुतले होते, दोनदा. बाळाने क्षणभर तोंड शोधले आणि मग सगळे आवार शांत झाले. सर्जेराव पाठ फिरवून उभे राहिले आणि उगाच खांबावरची नोटीस वाचू लागले.

महिनाभराने डॉक्टर मुल्ला जिल्ह्याला गेल्या, तेथून पुढे राजधानीला गेल्या. सोबत ती छत्तीस पानी वही होती. मोठमोठ्या प्रयोगशाळांनी महिनोन्महिने पडताळा घेतला. अखेरीस नियम बदलला आणि तपासणीच्या छापील कागदावर रंगाशेजारी आणखी एक रकाना आला. त्याचे नाव 'तार'. माप मिलिमीटरमध्ये लिहायचे होते. ते वाचून सर्जेराव एवढेच म्हणाले, "बोटं लिवली असती तर साऱ्यांस्नी कळलं असतं." परंतु त्या दिवशी त्यांनी घरी जाऊन आढ्याला खोचलेले उलथने खाली काढले, चिंचेने घासून लख्ख केले आणि दर्शनी भिंतीवर टांगले.

आता विहीणबाईंचे सांगतो. वही जिल्ह्याला जाण्याआधीच, पंधरा दिवसांनी त्यांना घरी सोडले होते. निघताना त्या प्रयोगशाळेच्या दारात आल्या. पदराला एकही कार्ड नव्हते. त्यांनी आजवर कोणाची क्षमा मागितलेली नव्हती, आणि आताही त्यांच्याने ती मागवेना. त्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

"पावनं, खरं सांगा. माझी तार केवढी निघाली?"

"चार बोटं, विहीणबाई."

"आणि बाकीच्यांची?"

सर्जेरावांनी वही चाळल्यासारखे केले. वास्तविक त्यांना ते पाठ होते. "कुणाची एक, कुणाची दोन. एकाची तीन. साऱ्या वहीत तुमच्याएवढी कुणाची न्हाई."

छबूताईंची मान ताठ झाली. डोळ्यांत पाणी होते, पण आवाज पूर्वीसारखाच खणखणीत निघाला.

"मग! चौगुल्यांचं काय बी उगीच नसतंय!" आणि पायरी उतरता उतरता, पाठ फिरवूनच त्या पुढे म्हणाल्या, "आणि पारख करणारा बी मगदुमाचा हाय म्हणावं. आमच्या नातीचा आजा हाय त्यो."

वाचकहो, येथे माझी लेखणी थांबते. मी स्वतः फार शिकलेला मनुष्य नाही; वाचनालयातील विज्ञानाची पुस्तके जमतील तशी वाचून आणि जाणत्यांना विचारून मी ही कथा रचिली आहे. परंतु हातातील विद्या कोठे उपयोगी पडेल हे सांगता येत नाही, आणि जी गोष्ट यंत्राला विचारलीच नाही तिचे उत्तर ते देत नाही, एवढे मला या कथेने शिकविले. आपण आपला बहुमोल वेळ खर्चून ती शेवटपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
दिनकर यशवंत वरुटे
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर